पंखा बंद करावा

हिंगोली जिल्ह्यात माझं कोणी नाही. तरी गेल्या फाल्गुनात मी तिथे आठ दिवस राहून आलो. परतल्यावर साताऱ्यात दोघातिघांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" तिकडे ज्योतिर्लिंग आहे, जुनी कोरीव देवळं आहेत. त्यातलं मी काही पाहिलं नाही. मी एक डोळा पाहिला, आणि त्या डोळ्याच्या भोवती जेवढा मुलूख दिसला तेवढा पाहिला.

माझी पत्नी वसुधा डोळ्यांची डॉक्टर होती. त्यातही बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची. शब्दकोशात त्याला पारपटल म्हणतात. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे घरात मी तोच शब्द वापरायचो आणि ती हसायची. पेशंटला सांगताना ती 'डोळ्याची काच' म्हणायची. ही काच खरवडली, तिच्यात जखम चिघळली, वर पांढरा डाग पडला, की मागचा सगळा डोळा धडधाकट असूनही माणसाला दिसत नाही. मग काच बदलावी लागते. ती कुठल्या कारखान्यात तयार होत नाही. गेलेल्या माणसाचीच घ्यावी लागते, आणि तीही सहा तासांच्या आत.

वर्षातून दोनदा ती हिंगोलीकडे तपासणीला जायची. प्रत्येक वेळी बॅग भरताना विचारायची, "येतोस का?" मी प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचो. परीक्षा, पुस्तकांची मोजणी, नंतर नंतर गुडघा. मागच्या वैशाखात ती गेली.

जन्मभर दुसऱ्यांच्या घरी, दुखवट्याच्या सतरंजीवर बसून ज्या बाईने डोळे मागितले, तिचे डोळे कोणालाही मिळाले नाहीत. ते तिच्याबरोबर जळले. दोष माझा होता. तो मी जिथे पहिल्यांदा मोठ्याने बोललो, त्या जागी आल्यावरच इथेही सांगेन.

तिच्या टेबलाच्या खणात फेरतपासणीची एक वही होती. नाव, गाव, कोणता डोळा, काय केलं, आणि शेवटच्या रकान्याला तिने 'पुन्हा कधी' असं नाव दिलं होतं. त्या रकान्यातले दिवस एकेक करून उलटून चालले होते. तिची विद्यार्थिनी तन्वी आता तिच्या जागी काम करते. ती वही न्यायला आली आणि म्हणाली, "काका, नावं लिहायला कोणीतरी लागतं. याल?" या वेळी मला गुडघा आठवला नाही.

आखाडा बाळापूर

पहिला मुक्काम इथे. गाव मोठं, बाजाराचं. रस्त्याला ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांची न संपणारी रांग. शाळेच्या दोन खोल्यांत तपासणी होती. एका खोलीच्या खिडक्यांना तन्वीने गोधड्या लावून अंधार केला, कारण काच तपासायची तर उजेडाची फक्त एक बारीक फट लागते. ती फट बुबुळावर तिरपी टाकली की निरोगी काच काळीभोर दिसते, आणि जिथे जखम किंवा डाग असेल तिथे धुकं धरल्यासारखं दिसतं. मी दाराशी नावं लिहीत होतो.

इकडे काचेवरच्या पांढऱ्या डागाला 'फूल' म्हणतात. शब्द आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे तो आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरला आहे. इथे शाळेतली मुलगीही म्हणते, "आईच्या डोळ्यात फूल पडलंय." पहिल्यांदा ऐकताना मी लिहायचा थांबलो. इतक्या वाईट गोष्टीला इतकं चांगलं नाव कोणी दिलं असेल?

रांगेत एक पागोटेवाले आजोबा होते. मी विचारलं, "काय तकलीफ?" इकडचा शब्द सकाळपासून कानावर पडत होता, तो वापरून पाहिला.

"फूल हाय, साहेब."

"किती दिवसांपासून?"

"लगीन व्हायच्या आधीपासून. अन् फूल असं की देवाला वाहता येईना अन् बायकोला माळता येईना."

रांग हसली. मीही हसलो, आणि हसल्यावर मला अपराधी वाटलं. दहा महिन्यांत मी मोठ्याने हसलो नव्हतो.

दुपारी जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. आमच्याकडे भाकरीबरोबर पहिल्यांदा खर्डा पुढे येतो. इथे आमटीत भाकरी कुस्करून वर कच्चा कांदा. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमी डॉक्टरीणबाईचे मालक का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी न विचारता आणखी एक पळी वाढली. "त्यांना लई आवडायची," एवढंच म्हणाल्या. वसुधाला येसराची आमटी आवडते हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी आवराआवर करताना तन्वीला फोन आला. कुरुंद्याजवळच्या शिवारातून रुखमीन नावाची बाई बोलत होती. वहीत तिचं नाव होतं. दीड वर्षापूर्वी वसुधाने तिच्या उजव्या डोळ्याची काच बदलली होती. डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल. म्हणजे दिसणारा डोळा एकच. 'पुन्हा कधी'च्या रकान्यात वसुधाच्या अक्षरात होतं: 'खालचे टाके बघणे. उशीर नको.' ती तारीख उलटून आठ महिने झाले होते.

तन्वीने फोन माझ्याही कानाशी धरला.

"फूल न्हाई मॅडम," पलीकडून आवाज आला, "नुसती कळी हाय. लाल झालाय जरासा. तुमी बाळापूरला आल्या म्हणून कळलं तर म्हणलं इचारावं."

"किती दिवस झाले?"

"चार. पाचवा आज."

तन्वीने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, बदललेल्या काचेला कळी म्हणजे ताजी जखम. उद्या सकाळीच निघू."

वारंगा फाटा

सकाळी फाट्यावर चहाला थांबलो. चारी बाजूंनी ट्रक, टायरची दुकानं, केळीच्या गाड्या. इथे तन्वीने मला रुखमीनच्या सासूची गोष्ट सांगितली. वसुधाने ती मला कदाचित सांगितली असेल. मी पुस्तकातून डोकं वर काढून 'हं' म्हटलं असेल.

सासूचं नाव गयाबाई. ती कुसळ काढणारी. ज्वारी-गव्हाच्या काढणीत कोणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, कचरा गेला, की लोक दवाखान्यात न जाता तिच्याकडे जायचे. ती चूळ भरायची, दोन बोटांनी पापणी फाकवायची आणि जिभेच्या टोकाने डोळ्यातलं कुसळ टिपून घ्यायची. मग ते तळहातावर काढून दाखवायची. तीन गावांत तिची जीभ नावाजलेली होती. पैसे कधी घेतले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी हळदीचा पाला कापताना पानाची धार रुखमीनच्या डोळ्याला लागली. गयाबाईने नेहमीप्रमाणे जीभ लावली. तोंडातले जंतू त्या ताज्या ओरखड्यात गेले. तिसऱ्या दिवशी डोळा लाल, पाचव्या दिवशी कळी. मग औषधाच्या दुकानातून कोणीतरी थेंब आणून दिले. त्यांनी लाली गेली, सगळ्यांना बरं वाटलं, आणि आतल्या आत काच विरघळत गेली. लाली घालवणारे काही थेंब जखमेशी लढण्याची शरीराची ताकदच काढून घेतात. वसुधाकडे आणली तेव्हा काच वाचवण्यासारखी उरली नव्हती.

"वसुधा रागावली असेल गयाबाईवर," मी म्हटलं.

"अजिबात नाही. मॅडमनी तिला दिव्यातून सुनेचा डोळा दाखवला. म्हणाल्या, 'तुमच्या जिभेला जे लागतं ते माझ्या दिव्याला दिसतं. आता तुम्ही काढू नका, माझ्याकडे पाठवा.' तेव्हापासून गयाबाईने जीभ लावली नाही. या भागातून आमच्याकडे येणारे निम्मे पेशंट तिनेच पाठवलेले असतात."

चहा निवून गेला होता. तसाच प्यालो.

कुरुंद्याचं शिवार

हळदीचा वास आधी आला, शेत नंतर. ओल्या मातीचा आणि गरम भांड्याचा मिळून एक वास. सांगलीच्या बाजारात मी पोत्यांतली हळद पाहिली होती. ती होते कशी हे पाहिलं नव्हतं. शेतात लोखंडी पिपांचं एक धूड उभं होतं. त्याला इथे कुकर म्हणतात. खाली जाळ, पिपांत वाफ, वाफेवर हळद शिजते. शिजलेले गड्डे जमिनीवर ओतले की वाफेचा ढग उठतो आणि त्यातून बायका पिवळ्या हातांनी ते पसरत जातात. मी जवळ गेलो, चष्म्यावर वाफ धरली, आणि मी सरळ त्या गरम हळदीच्या ढिगात पाय दिला. चप्पल, धोतराचा काठ, खिशातल्या पुस्तकाची कड, सगळं पिवळं. एक बाई ओरडली, "अहो दादा, हळद लागली! आता नवरी बगा!" आणि लगेच दुसऱ्या कोणीतरी तिला कोपर मारलं. माझं कोण गेलंय ते तिला तेव्हा कळलं असावं. तिने पदर तोंडाला लावला.

रुखमीन पस्तिशीची, उंच, डोक्याला रुमाल बांधलेली. डावा डोळा पांढरा. उजवा लाल, मिटमिटता. त्यातून पाणी येत होतं. तन्वीने तिला झाडाखालच्या खोपीत नेऊन बाजेवर बसवलं. कागदाची एक नारिंगी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली आणि निळा दिवा लावला.

"काका, बघा."

बदललेली काच गोल, घड्याळाच्या तबकडीसारखी, आणि तिच्या कडेने टाक्यांचे किरण. सहाच्या आकड्यावरचा एक टाका सुटून वर आला होता. त्याच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढं, हिरवं काहीतरी लकाकत होतं. पट्टीचा रंग निळ्या उजेडात असा हिरवा दिसतो, आणि तो फक्त जखमेलाच धरतो. मी आयुष्यात इतकं सुंदर आणि इतकं वाईट काही एकाच ठिकाणी पाहिलं नव्हतं.

"सुटलेल्या टाक्यातून जंतू शिरलेत," तन्वी म्हणाली. "आज वसमतला यायचं. टाका काढते, जखम खरवडून तपासते, मग दर तासाला थेंब. आठवडाभर तिथेच राहायचं."

"आज?" रुखमीन उठलीच. "आज कशी येऊ? आज कुकर आलाय. आमची पाळी हुकली तर पुन्यांदा आठ दिवसांनी येतो. हळद जमिनीत वाळून जाईन."

"आठ दिवसांत डोळा जाईल."

"उद्या संध्याकाळी येते. परवा नक्की."

"फोन काहून केला मग?" तन्वी चिडून त्यांच्याच भाषेत बोलली. "टाके दाखवायला यायचं होतं तुम्ही. का नाही आलात?"

रुखमीन खाली बघत म्हणाली, "बाई गेल्या म्हणलं. आता कोणाकडं जावं?"

तिचा नवरा बालाजी जाळापाशी उभा होता. हातात लाकूड तसंच धरून तो बायकोकडे आणि कुकरकडे आळीपाळीने बघत राहिला. चांगला माणूस होता.

एवढ्यात गयाबाई आली. ठेंगणी, वाळकी, कपाळावर गोंदण. डोक्यावर भाकरीचं टोपलं. तिने आधी सगळ्यांना खाली बसवलं. "भांडण उपाशीपोटी कशाला करून राहिले? जेवा अन् भांडा."

जेवताना तिने माझ्याकडे पाहिलं. "बाईचे मालक तुमी. बाई सांगायच्या, आमचे हे लई वाचतेत. घरात पुस्तकावर पाय पडतो म्हणायच्या."

मी मान हलवली.

"त्यांनी एक कागद देला होता. घरात भिताडाला लावलाय. मला वाचता येत न्हाई, पण रुखमीननं वाचून वाचून पाठ झालाय." आणि तिने एकेक बोट मिटत म्हणून दाखवलं, ओवी म्हणावी तसं. "माणूस गेलं की आधी पापण्या मिटाव्या. डोळ्यावर ओला कापूस ठेवावा. उशाला उशी देऊन डोकं जरा वर करावं. पंखा बंद करावा. अन् फोन करावा." मग हसली. "पंख्याचं आमाला सोपं हाय. आमच्याकडं लाईटच राहत न्हाई, बंद काय करायचा?"

सगळे हसले. ते पत्रक वसुधाचं होतं. छापण्याआधी त्याचं मुद्रित मी तपासलं होतं. 'पापण्या'तला णकार छापखान्याने दोनदा चुकवला होता, तो मी लाल शाईने नीट केला होता.

"मग," गयाबाईने माझ्यापुढे भाकरी ठेवत विचारलं, "बाईचे डोळे कोणाला बसवले?"

तन्वीने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन म्हणाली, "आजी, ते सांगत नसतात. नियम आहे."

नियम खरा होता. त्याच्या आड मी सुखाने बसू शकलो असतो. रुखमीन तिच्या लाल डोळ्याने माझ्याकडे बघत होती. त्या डोळ्यातली काच कुठल्या तरी अनोळखी घरात, कोणीतरी रडत असतानाही, पंखा बंद केला म्हणून तिला मिळाली होती.

"कोणालाच नाही," मी म्हणालो.

"म्हंजे?"

मग मी सांगितलं. वैशाखातली दुपार होती. जेवून ती आडवी झाली. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो. चार वाजता चहा घेऊन आत गेलो तर डोळे अर्धे उघडे होते आणि हात गार. वर पंखा फिरत होता. मी कपबशी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. फोन हाताशी होता. नंबर पाठ होता. तो कागदही मला पाठ होता. मी फक्त बसून राहिलो. एकदा उठलो, बटणापर्यंत गेलो, आणि मला वाटलं, पंखा बंद केला तर तिला उकडेल. तिला उकाडा अजिबात सहन व्हायचा नाही. मी परत येऊन बसलो. शेजारच्या सुलभाताईंनी दार वाजवलं तेव्हा दिवे लागले होते. तन्वी पोचली तोवर वेळ टळून गेली होती. आणि वाऱ्याने दोन्ही काचा सुकून धुरकट झाल्या होत्या.

माझं बोलून झालं. बाहेर पिपातून गड्डे ओतल्याचा आवाज आला.

"उकडंल म्हणून?" गयाबाईने विचारलं.

"हो."

ती बराच वेळ भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं सारखं करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्याबी जीभ लावली ती लेकराला दुखू न्हाई म्हणूनच लावली."

आणि ती उठली. "रुखमीन, चल. लुगडं बदल. पिशवी भर."

बालाजी म्हणाला, "अन् कुकर?"

"कुकर म्हणं! कुकर पुन्यांदा येतो. काच येती का? बाईचीबी कोणाच्या कामी आली न्हाई, ऐकलं न्हाई का?"

रुखमीनने रुमाल सोडला.

वसमत

इथे मी सहा दिवस राहिलो. तन्वीच्या ओळखीचा एक छोटा दवाखाना, वरच्या मजल्यावर दोन खाटा, समोर रस्ता. पहिल्याच दुपारी तन्वीने टाका काढला, जखम हलक्या हाताने खरवडून निघालेला कण काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शेतातल्या जखमेत बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात, आणि मग महिनोन् महिने झगडावं लागतं. ती इतका वेळ बघत राहिली की मी भिंतीवरच्या कॅलेंडरचे सगळे सण वाचून काढले.

"धागे नाहीत," ती अखेर म्हणाली. "जिवाणू आहेत. थेंब वेळेवर पडले तर संधी आहे."

रात्रीचे थेंब दवाखान्यातल्या नर्सबाई घालायच्या. दिवसाचे गयाबाईने अंगावर घेतले. अडचण एकच: तिला घड्याळ कळत नव्हतं. म्हणून मी दारापाशी खुर्ची टाकून बसायचो आणि तास झाला की म्हणायचो, "झाला." मग ती साबणाने हात धुवायची, कोपरापर्यंत. तन्वीने एकदा सांगितलं होतं, तेवढं पुरलं. दोन बोटांनी पापणी फाकवायची तिची जुनी रीत मी इथे पाहिली. तोंड मात्र ती बाजूला वळवून घट्ट मिटून घ्यायची, जणू जिभेवर विश्वास नसावा.

दोन थेंबांच्या मधे आम्ही बोलायचो. म्हणजे ती विचारायची.

"बाई घरी काय सैपाक करायच्या?"

"ती फारसं करायची नाही. मी वरणभात लावायचो. तिची वांग्याची भाजी मात्र उत्तम व्हायची."

"'उत्तम व्हायची!'" तिने माझी नक्कल केली. "तुमी पुस्तकातून बोलून राहिले. घरीबी असंच बोलायचे का? बाईला झोप यायची असंल."

खाटेवर डोळ्याला पट्टी लावलेली रुखमीन हसायची. "आत्या, गप बसा की."

वसुधा झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर ठेवायची, इस्त्रीवाल्याशी दर वेळी भांडायची, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चहा सोडायची, हे सगळं मी त्या खुर्चीवर बसून सांगितलं. दहा महिने लोक मला तिच्याबद्दल सांगायला येत होते. मला कोणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी चूक झाली. खिडकीतून रस्ता बघता बघता मन कुठे गेलं कळलं नाही. भानावर आलो तर घड्याळात तास उलटून पंचवीस मिनिटं झाली होती. मी धडपडत उठलो. पुन्हा तेच. वेळ माझ्या हातात होती आणि मी ती बसून घालवली.

"गयाबाई! थेंब!"

"टाकले की कवाच," ती दुसऱ्या खाटेवर शेंगा सोलत म्हणाली. "नांदेडची गाडी गेली ना, तवाच टाकले."

"गाडी?"

"व्हय. सकाळी हिंगोलीची, मग शाळंची घंटा, मग नांदेडची, मग आजान, मग परभणीची. तास तासाला काहीबाही जातच की रस्त्यानं."

"मग तुम्हाला वेळ कळते. मला कशाला विचारत होता?"

तिने शेंगेचं टरफल खाली टाकलं. "तुमी नुसते बसून राहिले होते. बसल्या माणसाला काम लागतं, दादा."

मी खुर्चीत परत बसलो. उरलेले दिवसही दर तासाला "झाला" म्हणत राहिलो, आणि ती प्रत्येक वेळी "व्हय?" म्हणत हात धुवायला उठत राहिली.

चौथ्या दिवशी निळ्या दिव्याखाली हिरवा दाणा निम्मा झाला होता. सहाव्या दिवशी हिरवं काही राहिलं नव्हतं. त्या जागी काचेच्या कडेला राखेच्या रंगाचा डाग उरला. नजर पहिल्यासारखी राहिली नाही. पूर्वी रुखमीन तांदळातले खडे वेचायची, सुईत दोरा ओवायची. आता दारातून दाखवलेली बोटं तिला मोजता आली, समोरचा माणूस ओळखता आला. सुईत दोरा गेला नाही. तिने तीनदा प्रयत्न केला आणि सुई उशीला टोचून ठेवली.

"चालंल," ती म्हणाली. "पाय कुठं पडतो ते दिसलं म्हंजे झालं."

तन्वीने वहीत नोंद केली. 'पुन्हा कधी'च्या रकान्यात पुढचा महिना घातला आणि वही माझ्याकडे दिली. मी तिच्या नोंदीवरचा एक अनुस्वार नीट केला. वरच्या ओळीत वसुधाचं अक्षर होतं: 'उशीर नको.' ते तसंच ठेवलं.

निघताना गयाबाईने पिशवीतून हळकुंडांची पुरचुंडी काढली आणि हातात घेऊन जरा घुटमळली. मग माझ्या हातात कोंबली. "घरात बाई न्हाई म्हणून काय झालं? वरणाला हळद लागतेच." गाडीच्या खिडकीशी येऊन तिने आणखी एक विचारलं. आवाज खाली आणून, खाजगीतलं विचारावं तसं.

"दादा, तुमच्या वेळंला पंखा कोण बंद करंल?"

गाडी सुटली.

सातारा

कुरुंद्याहून अधूनमधून फोन येतो. दुसऱ्या फेरीत कुकर आला आणि हळद शिजली. थोडी जमिनीत सुकून गेली, पण निघाली. रुखमीनचा डोळा आहे तसा आहे. कळी पुन्हा आली नाही. तिचं बोलून झालं की गयाबाई फोन ओढून घेते आणि विचारते, "काय वाचून राहिले?"

आल्यावर मी पहिल्यांदा घराची दुसरी किल्ली सुलभाताईंना दिली. त्यांना सांगितलं, सकाळी दूध आत घेतलेलं दिसलं नाही तर वाट बघू नका, सरळ आत या. त्या म्हणाल्या, "असं काय बोलता हो?" पण किल्ली त्यांनी घेतली, आणि ओढणीच्या टोकाला डोळे पुसत घेतली.

मग झोपायच्या खोलीत, बटणांच्या पाटीखाली, मी एक कागद चिकटवला. त्यावर तन्वीचा नंबर आहे आणि वर एक ओळ: 'मी उठत नसेन तर आधी हे बटण बंद करावे. मला उकडणार नाही.' लिहून झाल्यावर ऱ्हस्वदीर्घ तपासले. बरोबर होते.

चैत्र लागला आहे. दुपारी हवा हलत नाही. हे लिहिताना पंखा चालू ठेवतो, आणि लिहून उठलो की आठवणीने बंद करतो. सवय व्हावी म्हणून.